स्क्रीनवर जुळतं, बोर्डवर ०.२ मिमी डावीकडे: बीजीए मशीनचं ऑप्टिकल अलाइनमेंट

निपाणी_बोर्ड_रिपेअर:

नमस्कार मंडळी. बीजीए चिप, म्हणजे पोटाखाली सोल्डरच्या बॉलची जाळी असलेली, बोर्डच्या पॅडवर बसवायचं मशीन आहे. स्प्लिट व्हिजनचं, म्हणजे मधल्या प्रिझममधून चिपचं पोट आणि बोर्ड स्क्रीनवर एकावर एक दाखवणारं, सेमी-ऑटो. वरच्या हेडमध्ये हॉट एअर आणि व्हॅक्यूम एकाच अक्षावर, एक्स-वाय आणि फिरकीला मायक्रोमीटर, खाली इन्फ्रारेड प्रिहीटर. स्क्रीनवर बॉल आणि पॅड एकावर एक तंतोतंत आणले, प्रिझम मागे सरकवलं, हेड खाली आणलं की चिप दरवेळी थोडी डावीकडे बसायलीय. साधारण ०.२ मिमी, आणि दिशा कधी बदलत नाही. १ मिमी पिचला (बॉलपासून बॉलचं अंतर) काही बिघडत नाही, ०.८ ला बहुतेक वेळा निभावतं, ०.५ पिचला मात्र शॉर्ट नाहीतर ओपन ठरलेलं.

अजून दोन गोष्टी. चिपची प्रतिमा पॅडपेक्षा कायम अंधारी, वरची लाइट पूर्ण वाढवली तरी. आणि ३५ मिमीची मोठी चिप घेतली की मधले बॉल जुळतात, पण कडेचे बॉल चारही बाजूंनी पॅडच्या बाहेर गेल्यासारखे दिसतात.

कॅमेऱ्याचे स्क्रू ढिले करून ०.२ उजवीकडे घेतलं तर चालेल का? कॅलिब्रेशन किट मागवायच्या आधी आत नक्की काय चालतं ते समजून घ्यायचंय.

उद्यमबाग_ड्राइव्ह_सर्व्हिस:

कॅमेऱ्याला हात लावू नका, त्याने काहीच सुधारणार नाही. कॅमेरा हलला की बॉलची आणि पॅडची प्रतिमा दोन्ही मिळून सरकतात, त्यांच्यातलं अंतर तेवढंच राहतं. तुमची चूक आहे ती त्या दोघांमधल्या अंतराची.

आतली रचना अशी. काचेचा एक चौकोनी ठोकळा असतो, दोन तिरक्या प्रिझम चिकटवून केलेला. मधल्या ४५ अंशाच्या तिरक्या पृष्ठभागावर अर्धा आरसा: निम्मा प्रकाश परततो, निम्मा आरपार जातो. कॅमेरा बाजूने आडवा बघतो. पॅडकडून वर आलेला प्रकाश या तिरक्या आरशावर आपटून थेट कॅमेऱ्याकडे वळतो. चिपकडून खाली आलेला प्रकाश त्याच आरशावर आपटतो, पण वळतो कॅमेऱ्याच्या विरुद्ध दिशेला. तिकडच्या बाजूला पूर्ण आरसा बसवलेला असतो. तिथून परत फिरून, अर्धा आरसा आरपार ओलांडून तो कॅमेऱ्यात येतो. काही मशीनमध्ये ही मांडणी वरची खाली असते, तत्त्व तेच.

आता तुमच्या अंधाऱ्या चिपचा हिशोब यातच आहे. पॅडचा प्रकाश अर्ध्या आरशावरून एकदा परतला, उरला ५० टक्के. चिपचा प्रकाश एकदा परतला आणि एकदा आरपार गेला, म्हणजे निम्म्याचा निम्मा, २५ टक्के. म्हणून दोन लाइटना दोन वेगळे नॉब दिलेले असतात. वरची वाढवून भागत नसेल तर खालची कमी करा. दोन्ही प्रतिमा सारख्या उजळ पाहिजेत, एकूण उजेड जास्त नको. पॅडवर फ्लक्स लावलेला असेल तर खालून येणारी चकाकी आणखी घात करते, तेव्हा फ्लक्सचा थर अगदी पातळ ठेवा.

आणि एका रस्त्यावर एक परावर्तन, दुसऱ्यावर दोन, हेही मुद्दाम केलेलं आहे. चिपचं पोट खालून बघितलं तर ए-वन कोपरा, म्हणजे पहिल्या बॉलचा खुणेचा कोपरा, आरशात बघितल्यासारखा उलट्या बाजूला दिसणार. ते एक जादा परावर्तन त्याला सुलट करतं. ते नसतं तर बॉल कधीच पॅडवर बसले नसते.

मोठ्या चिपचं उत्तर वेगळं. साध्या लेन्सला जवळची वस्तू मोठी दिसते. चिप जिथे असायला हवी त्यापेक्षा प्रिझमच्या जवळ असेल तर बॉलची जाळी पॅडच्या जाळीपेक्षा मोठी दिसते, म्हणून मध्य जुळतो आणि कडा बाहेर जातात. लेन्सपासून प्रकाशाचा रस्ता १५० मिमी धरला आणि चिप २ मिमी जवळ असली तर प्रतिमा सव्वा टक्क्याहून थोडी जास्त फुगते. ३५ मिमी चिपच्या कडेला तो फरक ०.२४ मिमी होतो. हेड थोडं वर घ्या, दोन्ही जाळ्या एकाच मापाच्या दिसेपर्यंत. वर धातूचं झाकण असलेली जाड चिप नोझलला लागली की तिचे बॉल तेवढे खाली लोंबतात, त्यामुळे ही उंची प्रत्येक चिपला नव्याने लावावी लागते. कारखान्यातून लावून आलेली उंची हा फक्त सुरुवातीचा आकडा.

प्रिझमपासून चिप आणि प्रिझमपासून बोर्ड ही अंतरं पट्टीने मोजली तर सारखी भरणार नाहीत, त्याने गोंधळू नका. चिपचा प्रकाश ठोकळ्यातून एक फेरा जास्त मारतो. ३० मिमीचा ठोकळा असेल तर तो फेरा हवेतल्या साधारण २० मिमीइतका, म्हणून चिप तेवढी जवळ असावी लागते.

आता मुख्य दुखणं. पण आधी सांगा, ०.२ मिमी कशाच्या तुलनेत मोजलंत? चिपच्या कडेपासून सिल्कस्क्रीनच्या, म्हणजे बोर्डवर छापलेल्या, रेघेपर्यंत मोजलं असेल तर तो आकडा सोडून द्या. सिल्कस्क्रीन पॅडच्या मानाने ०.१-०.२ मिमी सहज सरकलेली असते, आणि चिपचं शरीर बॉलच्या जाळीच्या अगदी मधोमध असतंच असं नाही.

चिकोडी_लॅपटॉप:

एवढं खोलात कशाला जायचं दादा? सोल्डर वितळलं की चिप आपोआप ओढली जाते. अर्धा पॅड चुकला तरी बसते. लॅपटॉपच्या कामात सिल्कस्क्रीनच्या रेघेवर हाताने ठेवून, वरून हवा देऊन किती चिपा बसतात, त्यांना कुठलं प्रिझम?

उद्यमबाग_ड्राइव्ह_सर्व्हिस:

अर्धा पॅड हे खरं आहे, म्हणूनच आकडे बघा. १ मिमी पिचला पॅड ०.४५ ते ०.५ मिमी, अर्धा म्हणजे जवळपास पाव मिमी, ०.२ ची चूक त्यात खपते. ०.८ पिचला पॅड ०.४ च्या आसपास, तिथे ०.२ म्हणजे काठावर. ०.५ पिचला पॅड ०.२५ ते ०.२८, त्याचा अर्धा ०.१३. तिथे ०.२ चुकलं की बॉल ओढला जाईल कुठल्या पॅडकडे, हे नशिबावर. निपाणीकरांनी जे लिहिलंय ते नेमकं याच हिशोबाने आलंय.

शिवाय ओढलं जायला बॉल मोकळा पाहिजे. क्यूएफएनला, म्हणजे बॉल नसलेल्या, कडेला पाय असलेल्या चपट्या चिपला, पोटाखालचा मोठा पॅड आहे, त्यावर सोल्डर जास्त झालं तर चिप त्यावर तरंगते आणि फिरते. मोठ्या झाकणाच्या जड चिपेला पृष्ठताण तेवढ्या जोमाने हलवत नाही. आणि एक अख्खी ओळ सरकून बसली तर सोल्डर तिला तितक्याच प्रेमाने चुकीच्या ओळीत मधोमध बसवतं. बाहेरून सगळं सरळ दिसतं.

फिरकीची चूक तर हाताने ठेवताना कळतही नाही. ३५ मिमी चिपचा अर्धा कर्ण २४.७ मिमी. एक अंश फिरली तर कोपऱ्यातला बॉल ०.४३ मिमी सरकला. मध्यावर सगळं शाबूत, कोपरे गेले. १२ मिमीच्या चिपला तोच एक अंश कोपऱ्यात ०.१५ मिमी. म्हणून स्क्रीनवर चिपचा मध्य बघून कधीही पास करू नका. झूम वाढवून ए-वनचा कोपरा आणि कर्णावरचा समोरचा कोपरा, दोन्ही बघायचे. दोन्हीकडे चूक एकाच दिशेला असेल तर एक्स-वाय हलवा. उलट दिशांना असेल तर फिरकी, किंवा वर लिहिलेला मापाचा फरक. त्यातही चूक चिपच्या मध्यापासून बाहेर किंवा आत जात असेल तर माप, कर्णाला आडवी असेल तर फिरकी.

क्रम मात्र पाळा: आधी उंची, मग फिरकी, शेवटी एक्स-वाय. चिप नोझलवर अगदी मधोमध पकडलेली नसते, त्यामुळे फिरकीचा नॉब फिरवला की एक्स-वाय आपोआप बिघडतं. मायक्रोमीटरही शेवटी नेहमी एकाच बाजूने फिरवत आणून थांबवा. पुढे गेला तर पूर्ण मागे घ्या आणि पुन्हा त्याच बाजूने या, नाहीतर स्क्रूचा खेळ, म्हणजे ढिलेपणा, तुमच्या मापात मिसळतो.

निपाणी_बोर्ड_रिपेअर:

सिल्कस्क्रीनवरूनच मोजलं होतं. मग खरी चूक मोजायची कशी? एक्स-रे तर आपल्या पट्ट्यात रिपेअरवाल्याकडे असणं अवघड.

उद्यमबाग_ड्राइव्ह_सर्व्हिस:

एक्स-रे लागत नाही, काच लागते.

मायक्रोस्कोपची १ मिमी जाडीची साधी काचपट्टी घ्या, ७५ बाय २५ ची मिळते. ट्रान्सपरन्सी फिल्मवर लेझर प्रिंटरने दोन बारीक फुल्या छापा, एकमेकींपासून ३० मिमी. रेघ ०.१ मिमीच्या आसपास. ती फिल्म काचेच्या खालच्या बाजूला चिकटवा, छपाईची बाजू बाहेर, म्हणजे खाली टेकणारी. त्याच फाइलमधून कागदावर तशाच दोन फुल्या छापा आणि तो कागद एका सपाट, कोऱ्या बोर्डवर सुरकुती न पडता चिकटवा. गरम हवेचं नोझल काढून ठेवा, फक्त व्हॅक्यूम कप राहू द्या. काच मधोमध पकडली की दोन्ही फुल्या कपाच्या दोन बाजूंना उघड्या राहतात.

नेहमीसारखं स्क्रीनवर जुळवा, प्रिझम मागे घ्या, हेड खाली आणून काच कागदाला अलगद टेकवा. व्हॅक्यूम सोडू नका. आता भिंगातून वरून काचेतून बघा. फुलीपासून फुलीचं अंतर हीच मशीनची खरी चूक. बघताना डोळा अगदी सरळ वर पाहिजे. छपाई कागदाला चिकटलेली असल्यामुळे फार फरक पडत नाही, तरी सवय तीच ठेवा.

ही चाचणी करण्याआधी मात्र एक फुकटची चाचणी करा. काच आणि कागद स्क्रीनवर जुळवून ठेवा, कशालाही हात न लावता फक्त प्रिझमचा हात मागे घ्या आणि परत आणा. प्रतिमा पुन्हा जशाच्या तशा जुळल्या पाहिजेत. पाच-सहा वेळा करा, एकदा हळू, एकदा जोरात. प्रत्येक वेळी वेगळं दिसत असेल तर हाताच्या रेलमध्ये किंवा शेवटच्या स्टॉपरमध्ये खेळ आहे, आणि तो जाईपर्यंत बाकी कुठलंही कॅलिब्रेशन करण्यात अर्थ नाही. ठोकळा ०.१ अंश जरी कलला तरी एका रस्त्याची किरणं दुप्पट, म्हणजे ०.२ अंश वळतात. ५० मिमी अंतरावर ते ०.१७ मिमी भरतं.

प्रतिमा दरवेळी जुळत असेल आणि काचेची चाचणी मात्र दरवेळी एकाच दिशेला तेवढीच चूक दाखवत असेल, तर दोनच जागा उरतात. एक, हेड सरळ खाली येत नाही. दोन, प्रिझम कायमचं वाकड्या कोनात बसलंय. स्क्रीनवर तुम्ही जुळवता तेव्हा चिप अजून ५०-६० मिमी वर असते. तिथून खालपर्यंतचा प्रवास कॅमेरा बघतच नाही. ६० मिमीच्या प्रवासात हेडची रेल ०.२ अंश कललेली असेल तर खाली ०.२१ मिमी चूक पडते.

हे दोन वेगळे करायला डायल गेज, टोक सरकलं की काट्यावर माप दाखवणारं. बोर्डच्या टेबलावर चांगला गुण्या उभा करा, चुंबकी स्टँड नको, डायल हेडलाच क्लॅम्प करा आणि टोक गुण्याच्या उभ्या कडेला टेकवून हेड ६० मिमी खाली-वर करा. एकदा डावी-उजवीकडे, एकदा पुढे-मागे. बेळगावच्या उद्यमबागेत कुठल्याही मशीन शॉपमध्ये दोन्ही वस्तू तासाभरासाठी मिळतात, ०.०१ मिमीचं डायल पुरे.

खानापूर_मोबाईल_लॅपटॉप:

वरचं सगळं बरोबर. त्यात एक जोडतो, कारण थंड असताना जुळलेली चिप गरम झाल्यावर सरकते, आणि दोष मात्र प्रिझमवर येतो.

बोर्ड दोन्ही टोकांना घट्ट आवळलेला असतो का? एफआर-फोर, म्हणजे ज्याचा बोर्ड बनतो तो पत्रा, गरम झाला की वाढतो. ३०० मिमीचा बोर्ड खोलीच्या तापमानावरून १५० अंश वर नेला तर लांबीला साधारण ०.७ मिमी वाढ. दोन्ही बाजूंनी दाबलेला असेल तर ही वाढ जाणार कुठे, बोर्ड मध्ये फुगतो किंवा खाली बसतो. एक बाजू घट्ट, दुसरी स्प्रिंगवर किंवा कागदाइतकी मोकळी ठेवा, आणि चिपखाली मधे आधाराची पिन द्या. पिन बोर्डला टेकलेली असावी, उचलणारी नको.

दुसरं म्हणजे व्हॅक्यूम. चिप टेकली की व्हॅक्यूम सोडायचा आणि कप वर घ्यायचा, मग हीट सुरू. पकडून ठेवलीत तर बोर्ड वाढत असताना चिप जागेवर आणि पॅड पुढे निघून गेलेले. शिवाय बॉल वितळल्यावर चिप खाली बसायला पाहिजे, ती हवेत टांगून राहिली तर काही बॉल पॅडला टेकणारच नाहीत. कप जुना होऊन कडक किंवा चिकट झाला असेल तर व्हॅक्यूम सोडताना तोच चिपेला ओढून नेतो. सिलिकॉनचा कप वेळीच बदला.

फ्लक्स: चिकट जेल, ब्रशने पुसून काढल्यासारखा पातळ थर. जास्त झाला तर गरम होऊन पातळ झालेल्या फ्लक्सवर चिप पोहते. हवेचा दाब सुरुवातीला कमी ठेवा, विशेषतः १५ मिमीच्या आतल्या चिपांना. नोझल चिपेच्या कडेला एका बाजूने जवळ असेल तर हवा तिला दुसरीकडे ढकलते, तेव्हा नोझलची फट चारही बाजूंना सारखी आहे का ते टॉर्च मारून बघा.

आमच्या खानापूरच्या पावसात अजून एक पीडा. जून ते सप्टेंबर काचेवर ओल धरते. मशीन चालू केल्याबरोबर स्क्रीन धुरकट दिसली तर लाइट वाढवत बसू नका, प्रिझमच्या लाइट चालू ठेवून थोडा वेळ जाऊ द्या. रात्री प्रिझमचा हात आत घेऊन झाकण, आत सिलिका जेलची पिशवी. लेन्सवर बुरशी चढून तशीच राहिली की तिची नक्षी काचेत कोरली जाते, मग पुसून जात नाही. पुसायला ९९ टक्के आयसोप्रोपाइल आणि धागे न सुटणारं कापड, द्रव कापडावर घ्यायचा, काचेवर ओतायचा नाही. थिनर अजिबात नको, ठोकळा ज्याने चिकटवलाय तो जोड सुटेल. आणि फ्लक्सचा धूर वर जाऊन सगळ्यात आधी प्रिझमवरच बसतो, म्हणून हीट चालू असताना प्रिझमचा हात पूर्ण मागे.

पावसाळ्यात चिपाही बेक करून घ्या. उघड्या पडलेल्या चिपा १२५ अंशांवर, जाडीप्रमाणे काही तास ते एक-दोन दिवस. प्लास्टिकच्या रीलमध्ये असतील तर ते तापमान चालत नाही. ओली चिप तापली की आतून फुगते, आणि फुगलेल्या चिपेचे कोपरे कितीही जुळवा, बसणार नाहीत.

चिकोडी_लॅपटॉप:

क्लॅम्पचं पटलं. मोठ्या बोर्डवर चिप मध्ये उचललेली दिसायची, त्याचं कारण हेच असणार. बरं, लाल लेझरचा ठिपका असलेली मशीनं येतात, त्यात प्रिझम नसतं. ते अलाइनमेंट चालतं का?

उद्यमबाग_ड्राइव्ह_सर्व्हिस:

तो ठिपका अलाइनमेंटसाठी नाहीच. हवेच्या नोझलचा मध्य चिपेच्या मध्यावर आणण्यापुरता आहे, चिप उतरवताना उपयोगी. बॉल आणि पॅड तो दाखवत नाही.

निपाणी_बोर्ड_रिपेअर:

दोन्ही चाचण्या झाल्या. प्रिझम मागे-पुढे केल्यावर प्रतिमा हलत नाही, म्हणजे प्रिझमची रेल ठीक. काचेत दोन्ही फुल्या डावीकडे, दोन्हीकडे सारखंच, ०.२ च्या जवळ. डायल डावी-उजवीकडे ६० मिमीत ०.१८ दाखवतंय, पुढे-मागे ०.०२. मग हेडच्या खांबाखाली शिम (पातळ पत्री) घालू की प्रिझमचे स्क्रू फिरवू? स्क्रू सोपे दिसतात.

उद्यमबाग_ड्राइव्ह_सर्व्हिस:

सोपे आहेत म्हणून त्यांनाच आधी हात लागतो. प्रिझम कलतं करून स्क्रीन आणि काच जुळवता येईल, चूक दिसायची बंद होईल. पण हेड तेवढंच वाकडं राहील. ०.१८ भागिले ६० म्हणजे ०.१७ अंश. तेवढ्या कलाने ३५ मिमी चिपची एक कड दुसरीपेक्षा ०.१ मिमी आधी टेकते. टेकली की ती बाजू फ्लक्सवर सरकते. ०.५ पिचला पुन्हा तेच रडगाणं.

तेव्हा आधी शिम. खांबाच्या पायाला चार बोल्ट असतील. चारही ढिले करा, काढू नका. डायल लावलेलं राहू द्या. खांबाचा माथा ज्या बाजूला कललाय त्या बाजूच्या दोन बोल्टपाशी, पायाखाली शिम. किती घालायचं ते डोळ्याने नको: बोल्टमधलं अंतर १२० मिमी असेल तर ६० मिमीत ०.१८ म्हणजे १२० मिमीत ०.३६, तेवढ्या जाडीचं शिम. ०.१ आणि ०.०५ ची पितळी पत्री घेऊन ०.३५ भरा, उरलेलं ०.०१ विसरा. बोल्ट कर्णावरून आळीपाळीने, दोन फेऱ्यांत आवळा आणि प्रत्येक फेरीनंतर डायल बघा, आवळतानाच खांब फिरतो. ६० मिमीत ०.०३ च्या आत आलं की थांबा, त्यापुढे तुमचा गुण्याच तेवढा खरा नसतो.

मग काचेची चाचणी पुन्हा. आता उरेल ती चूक प्रिझमची. काचेने ०.०५ च्या आत दाखवलं तर स्क्रूला हात लावू नका, ०.५ पिचला ते पुरतं. जास्त असेल तर एका वेळी एकच स्क्रू, अष्टमांश फेरा, आणि दर वेळी काच पुन्हा टेकवून बघायची. स्क्रीनवर बघून प्रिझम लावायचं नाही, स्क्रीन तर आधीपासून जुळलेलंच दाखवत होती. झालं की स्क्रूच्या डोक्यावर नेलपॉलिशचा एक थेंब, म्हणजे धक्क्याने फिरला तर तडा दिसेल.

०.४ पिचच्या मोबाईल चिपांसाठी हे मशीन ताणू नका. तिथे पॅड ०.२५ च्याही खाली जातो, आणि मशीनची उरलेली ०.०५, मायक्रोमीटरचा खेळ आणि कपाचा धक्का मिळून अर्धा पॅड कधी संपतो कळत नाही. ती मायक्रोस्कोपखाली हातानेच.

निपाणी_बोर्ड_रिपेअर:

खांबाचे बोल्ट १४० मिमीवर आहेत, म्हणजे ०.४२ बसतंय. पत्री ०.४० ची भरतो आणि डायल परत लावतो. पुढे-मागेचं ०.०२ तसंच सोडू ना?

उद्यमबाग_ड्राइव्ह_सर्व्हिस:

सोडा. फक्त शिम घालून आवळल्यावर तेही एकदा बघून घ्या, डावी-उजवी सरळ करताना पुढे-मागेचं बिघडतं बऱ्याचदा.